पन्नाशीतला सर्फर आणि दुखरा खांदा: नेमकं काय दुखतंय ते कसं शोधून काढायचं

खांदा दुखायला लागला आणि वय पन्नाशीच्या आसपास असलं की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, वय झालं आता, बोर्ड विकून टाका. मला हे अजिबात पटत नाही. वय हे एक कारण असू शकतं पण वय म्हणजे निदान नव्हे. पन्नाशीतल्या दुखऱ्या खांद्यामागे सात-आठ वेगवेगळी दुखणी असू शकतात, एकाला व्यायाम लागतो, दुसऱ्याला वेळ लागतो, तिसऱ्याला आठवड्याभरात सर्जन बघावा लागतो आणि एखादं तर खांद्याचं नसतंच, मानेचं किंवा हृदयाचं असतं. म्हणून जे कोणी अजून गोव्यात हरमल-मांद्रे-आश्वे-मोरजीच्या पट्ट्यात नाहीतर खाली आगोंदला बोर्ड घेऊन उतरतात आणि घरी येताना गाडीचा सीटबेल्ट ओढताना ज्यांच्या खांद्यातून कळ जाते, त्यांच्यासाठी लिहितोय, दुखण्याला नाव कसं मिळवायचं आणि मिळाल्यावर काय करायचं.

आधी हे बघा, बाकीचं नंतर

काही खुणा असल्या तर पुढचं वाचत बसू नका, सरळ निघा. डावा खांदा किंवा दंड दुखतोय, सोबत छातीत दडपण, घाम, धाप किंवा मळमळ आहे, हात हलवला तरी दुखणं कमी-जास्त होत नाही पण चाललं की, जिना चढला की वाढतं, तर हा खांदा नाही असं धरायचं आणि १०८ ला फोन लावायचा. आपल्या वयाला पहिली शंका हीच घ्यायची, रोज पाण्यात उतरतो म्हणजे हृदय चांगलंच असणार असं काही नसतं.

वाळूच्या उथळ बांधावर आपटून खांदा निखळला, म्हणजे खांद्याची गोलाई गेली, हात एकाच जागी अडकला, तर किनाऱ्यावर कोणालाही ओढून बसवायला देऊ नका, मित्राला नाही आणि गावातल्या हाडवैद्यालाही नाही. चाळिशीनंतर खांदा निखळताना सोबत टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, फाटण्याची शक्यता तरुण माणसापेक्षा बरीच जास्त असते, कधी हाडाचा कपचा निघालेला असतो, कधी दंडाच्या बाहेरच्या बाजूची संवेदना देणारी नस दुखावलेली असते, म्हणून आधी एक्स-रे आणि मग बसवणं. हात टॉवेलने छातीशी बांधा, लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, कोणाकडून तरी सोडवून घ्या आणि इस्पितळ गाठा. अंगठी घातलेली असेल तर लगेच काढा, बोटं सुजली की निघत नाही.

पडलात किंवा लाटेने हात मागे खेचला आणि त्यानंतर हात वर जातच नाहीये, दुसऱ्याने उचलून दिला तर जातो पण सोडला की खाली पडतो, तर त्याच आठवड्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरला दाखवा. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. लोक महिना-दोन महिने बाम चोळत काढतात, तोवर फाटलेला टेंडन आत सरकत जातो, स्नायू वाळायला लागतो, त्यात चरबी भरते आणि मग शिवायचं म्हटलं तरी धड शिवता येत नाही. खांदा गरम, लाल, सुजलेला आणि ताप असेल तर त्याच दिवशी जा. विनाकारण वजन कमी होतंय आणि रात्रंदिवस एकसारखं दुखतंय, किंवा आधी कधी कॅन्सर झालेला आहे, तर थांबायचं नाही. आणि पन्नाशीपुढे दोन्ही खांदे एकदम धरले, सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास हात वर करायला त्रास, मांड्याही जड, तर तो पॅडलिंगचा, म्हणजे बोर्डवर पालथं झोपून हाताने पाणी मारत जाण्याचा, थकवा नसून पॉलिमायल्जिया नावाचा सुजेचा आजार असू शकतो, तो साध्या रक्ततपासणीतून लक्षात येतो आणि औषधाला पटकन दाद देतो.

आपल्या दर्यात खांद्यावर एवढा भार का येतो

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सर्फिंग म्हणजे लाटेवर उभं राहणं. खरं तर पाण्यातला वेळ मोजणाऱ्या अभ्यासांत असं दिसलंय की साधारण अर्धा वेळ पॅडल करण्यात जातो, बराचसा बोर्डवर बसून वाट बघण्यात आणि प्रत्यक्ष लाटेवरचा वेळ दहा टक्क्यांच्याही आत असतो. म्हणजे हा हात मारायचाच खेळ आहे. त्यात आपल्याकडच्या लाटा मऊ, तळाला वाळू, त्यामुळे खडकावर फाटण्या-फुटण्याच्या जखमा कमी पण मऊ लाट पकडायला तीन-चार जोरदार हात जास्त मारावे लागतात, आणि वाळूच्या किनाऱ्यावर बाहेर जायला शांत पाण्याची वाट नेहमी मिळतेच असं नाही, फेसाळ पाण्यातून बोर्ड ढकलत जावं लागतं. दुपारी दर्यावरून वारा सुटला की तेच काम दुप्पट होतं.

आता खांद्याची रचना. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्या खोबणीत बसतो ती फारच उथळ, त्यामुळे हात सगळीकडे फिरतो पण गोळा जागेवर धरून ठेवायचं काम हाडांचं नसून स्नायूंचं आहे. चार छोटे स्नायू आणि त्यांचे टेंडन गोळ्याभोवती आवळून बसलेले असतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. किनाऱ्यावर रापण ओढताना जशी दोन्ही बाजूंची माणसं सारखी ओढायला लागतात, एक बाजू ढिली पडली की जाळं तिरकं येतं, तसंच इथे होतं. पॅडलिंगने छातीचे आणि बगलेमागचे मोठे स्नायू दणकट होतात, पण हात बाहेरच्या अंगाला फिरवणारे मागचे छोटे स्नायू मागे पडतात आणि गोळा पुढे-वर सरकायला लागतो. त्यात आपण पालथे, मान वर, आणि वयाबरोबर पाठीचा वरचा भाग कडक झालेला, म्हणजे खांद्याचं पातं नीट फिरत नाही, मग प्रत्येक हातागणिक टेंडनवर ताण. चाळिशीनंतर टेंडनची भरून यायची ताकदही कमी होते. एवढं समजलं की पुढचे व्यायाम कशासाठी आहेत ते आपोआप कळतं.

घरी बघायच्या खुणा

याने निदान होत नाही, ते डॉक्टरच करणार, पण तुम्ही काय बघून आलात हे सांगता आलं तर तपासणीला दिशा मिळते. आरशासमोर शर्ट काढून उभे राहा, दोन्ही खांदे सारखे दिसतात का बघा, मागून घरच्या कोणालातरी फोटो काढायला सांगा. पात्यावरच्या आडव्या हाडाच्या वर किंवा खाली एका बाजूला खळगा दिसला तर स्नायू वाळलाय, हे डॉक्टरला आवर्जून दाखवायचं.

हात बाजूने हळूहळू वर न्या. सुरुवातीला ठीक, मध्ये साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात दुखतं, वर गेल्यावर परत बरं वाटतं, तर बहुतेक रोटेटर कफ किंवा त्यावरची बर्सा नावाची पिशवी. सर्फरमध्ये सगळ्यात जास्त भेटणारं दुखणं हेच आणि हे व्यायामाने सुधारतं. पण हात अगदी वर गेल्यावर, कानाजवळ आल्यावर दुखतंय आणि दुखरा हात समोरून दुसऱ्या खांद्यावर ठेवला की खांद्याच्या माथ्यावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी टोचतंय, तर गळ्याजवळच्या हाडाचा तो छोटा सांधा, एसी जॉइंट. पूर्वी कधी खांद्यावर पडला असाल किंवा जिममध्ये बेंच प्रेस भरपूर केलं असेल तर हा सांधा झिजलेला असतो.

मग कोपर कमरेला चिकटवून ठेवा, नव्वद अंशात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या, दरवाजा उघडल्यासारखा. दुखऱ्या बाजूचा पंजा दुसऱ्यापेक्षा खूप कमी जातोय आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कोणी हलकेच ढकलला तरी तिथेच अडतोय, तर फ्रोझन शोल्डर म्हणजे आखडलेला खांदा, किंवा सांध्याची झीज, आणि या दोन्हीतला फरक साध्या एक्स-रेवर कळतो. फ्रोझन शोल्डर साधारण ४० ते ६० या वयात येतो, मधुमेह असलेल्यांना बराच जास्त, थायरॉइडवाल्यांनाही. कधीकधी खांदा आखडल्यामुळे साखर तपासली जाते आणि मधुमेह तिथेच पहिल्यांदा सापडतो, म्हणून खांदा आखडला असेल तर एचबीएवनसी ही मधुमेहाची रक्ततपासणी करून घ्याच. या दुखण्यात रेटून पॅडल केल्याने खांदा मोकळा होत नाही, उलट भडकतो.

जोर नाही की दुखतंय म्हणून जोर लावता येत नाही, हा फरकही ओळखायला शिका. कोपर कमरेला ठेवून पंजा बाहेर ढकलताना समोरच्याने रोखून धरलं आणि दुखत नसतानाही तुमचा हात हरतोय, तर टेंडन फाटल्याची शंका घ्यायची. पाठीमागे कमरेवरून हात उचलता येत नाही, पोटावर तळवा दाबताना कोपर मागे पडतं, ही पुढच्या टेंडनची खूण. दंडाच्या पुढे अचानक फट् करून आवाज, दोन दिवसांत काळंनिळं आणि दंडाचा स्नायू खाली गोळा होऊन बसला तर बायसेप्सची लांब दोरी तुटलीय, दिसायला भयंकर पण ताकद फारशी जात नाही, तरी आत रोटेटर कफही खराब असू शकतो म्हणून दाखवा.

एका रात्रीत खांदा एवढा पेटला की हात हलवायची सोय नाही, मार लागलेला नाही, ताप नाही, तर बऱ्याचदा टेंडनमध्ये कॅल्शियम साठलेलं असतं आणि ते विरघळायला लागल्यावर असं होतं. पांढरा ठिपका एक्स-रेवर दिसतो. प्रचंड दुखतं पण हे त्यातल्या त्यात बरं होणारं दुखणं आहे. ताप मात्र मोजून बघा, ताप असेल तर ते वर सांगितलेल्या तातडीच्या यादीतलं प्रकरण.

आणि मान विसरू नका. दुखणं कोपराच्या खाली बोटांपर्यंत जातंय, मुंग्या येतात, मान त्या बाजूला वळवून मागे टाकली की वाढतं, तोच हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, तर नस मानेत दबतेय. तासभर पालथं पडून मान वर धरणाऱ्या माणसाला हे व्हायचंच आणि अशा माणसाच्या खांद्यात इंजेक्शन देऊन काहीच होत नाही.

डॉक्टरकडे जाताना काय घेऊन जायचं

ओपीडीत तुमच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात, ती नीट वापरायची तर घरूनच एका कागदावर लिहून न्या. असं काहीतरी: उजवा खांदा, उजवाच वापरतो, जानेवारीपासून, मार लागलेला नाही, बाहेरच्या बाजूला दंडावर दुखतं, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, पॅडल करताना हात पाण्यात घालताना दुखतं ओढताना नाही, मुंग्या नाहीत, मधुमेह नाही, बीपीची गोळी चालू, आजवर काय औषध घेतलं आणि त्याने काय झालं. शेवटी तुम्हाला काय हवंय तेही लिहा, नुसतं दुखणं थांबायला हवंय की ऑक्टोबरमध्ये परत पाण्यात जायचंय, कारण दोन्हीचे उपचार वेगळे होऊ शकतात आणि न सांगता ते कोणाला कळणार नाही.

सर्फिंग करतो एवढं सांगून भागत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच डॉक्टरांनी सर्फर तपासलेला नसतो, क्रिकेटवाला बॉलर रोज येतो, सर्फर नाही. त्यांना सांगा की पालथं झोपून, मान वर करून, दोन्ही हात आळीपाळीने तासभर फिरवतो आणि मग एकदम दोन्ही हातांवर अंग उचलून उभा राहतो. याहून चांगलं म्हणजे मित्राकडून पॅडलिंगचा व्हिडिओ काढून घ्या, एक बाजूने, एक मागून, अर्ध्या मिनिटाचा पुरे. फिजिओला तर हा व्हिडिओ एमआरआयपेक्षा जास्त सांगून जातो.

चांगली तपासणी कशी ओळखायची? शर्ट काढायला लावतात, दोन्ही खांदे तपासतात, मान तपासतात, आधी तुम्हाला हात फिरवायला लावतात मग स्वतः फिरवून बघतात, ताकद बघतात. शर्टाला हात न लावता थेट एमआरआयची चिठ्ठी हातात मिळाली तर नम्रपणे विचारा, डॉक्टर तुम्हाला काय वाटतंय, कशाची शंका आहे आणि एमआरआयमध्ये अमुक दिसलं तर उपचार बदलणार आहे का. हा प्रश्न विचारायला लाजू नका. बदलणार नसेल तर आत्ता तो काढायची घाई नाही.

कुठे जायचं म्हणाल तर गावाजवळच्या आरोग्य केंद्रातून सुरुवात करून चिठ्ठी घेतलेली बरी, पेडण्यातल्यांना तुये जवळ, मग म्हापशाचं जिल्हा इस्पितळ ज्याला आपण अजून आझिलोच म्हणतो, दक्षिणेकडच्यांना मडगावचं जिल्हा इस्पितळ, आणि गुंतागुंतीचं असेल तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. ओपीडीचे वार आधी फोन करून विचारून घ्या, सकाळी लवकर जा, जुने कागद सगळे न्या. खाजगीत जायचं असेल तर ऑर्थोपेडिकमध्येही खांद्याचं काम जास्त करणारा किंवा स्पोर्ट्स इंज्युरी बघणारा विचारून शोधा, गुडघे बदलणारा सर्जन कितीही मोठा असला तरी त्याचा रोजचा हात गुडघ्यावर बसलेला असतो. ऑपरेशनची वेळ आलीच तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बाहेर काढा. २०१६ पासूनची ही राज्याची योजना, पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्या कुटुंबासाठी, तीन माणसांपर्यंत वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाखांपर्यंत. तुमचं ऑपरेशन आणि ते इस्पितळ योजनेत बसतं का हे ॲडमिट व्हायच्या आधी लेखी विचारून ठेवा, आणि कार्डाची मुदत संपलेली नाही ना ते आजच बघा.

एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय

पहिला एक्स-रे. स्वस्त आहे म्हणून लोक त्याला हलकं समजतात पण झीज, कॅल्शियम, जुनं फ्रॅक्चर, गोळा वर सरकलाय का, हे सगळं त्यात दिसतं. दुसरी सोनोग्राफी, रोटेटर कफसाठी ती फार चांगली, हात हलवत हलवत बघता येतं, फक्त करणाऱ्याचा हात खांद्यावर बसलेला हवा, म्हणून सेंटरला फोन करून विचारा की खांद्याची सोनोग्राफी तुमच्याकडे नेहमी होते का. एमआरआय तेव्हा, जेव्हा फाटल्याची शंका आहे, ऑपरेशनचा विचार आहे किंवा तीन महिने नीट व्यायाम करूनही फरक नाही. खोबणीच्या कडेची लॅब्रम नावाची रिंग बघायची असेल तर कधीकधी सांध्यात डाय घालून एमआरआय करतात. पेसमेकर किंवा अंगात जुना धातू असेल तर आधीच सांगा.

आता रिपोर्ट हातात आल्यावर. तो वाचून बरीच धडधाकट माणसं खचतात, त्यामुळे हे लक्षात ठेवा. १९९५ साली खांदा अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढून बघितले होते, त्यात साठीच्या वरच्या लोकांपैकी ५४ टक्क्यांच्या रोटेटर कफमध्ये अर्धवट किंवा पूर्ण फाटलेलं दिसलं. दुखत काहीच नव्हतं! म्हणजे पन्नाशी-साठीत रिपोर्टवर पार्शियल टिअर लिहून आलं याचा अर्थ तुमचं दुखणं त्यामुळेच आहे असं होत नाही, हाताने केलेली तपासणी आणि फोटो दोन्ही एकाच जागी बोट दाखवत असतील तरच तो फोटो कामाचा. टेंडिनोसिस म्हणजे टेंडन जीर्ण झालाय, घाबरू नका. एसी जॉइंटची झीज, लॅब्रमला बारीक चीर, बर्सात थोडं पाणी, या वयात हे सर्रास निघतं. फुल थिकनेस टिअर (टेंडन आरपार फाटलाय), रिट्रॅक्शन (तो आत सरकलाय) आणि फॅटी (स्नायूत चरबी भरलीय) हे शब्द असतील तर मात्र सर्जनला वेळ न घालवता भेटा, विशेषतः मार लागून सुरू झालं असेल तर. फिल्म किंवा सीडी स्वतःकडे ठेवा, नुसता रिपोर्ट नको, दुसऱ्या डॉक्टरला फोटोच बघायचे असतात.

नाव कळल्यावर

मार न लागलेला, कफ-बर्साचा खांदा असेल तर पहिला उपचार व्यायाम, आणि तो किमान बारा आठवडे, दोन आठवडे करून सोडायचा नाही. खांद्याच्या माथ्याखालचं हाड दुर्बिणीतून घासायचं ऑपरेशन पूर्वी सर्रास व्हायचं. ब्रिटनमध्ये त्याची तुलना नुसती दुर्बीण आत घालून बाहेर काढण्याशी केली, २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये ते छापून आलं, आणि रुग्णाला जाणवेल असा फरक दोन्हींत निघाला नाही. त्यामुळे फक्त जागा मोकळी करायला ऑपरेशन करू असं कोणी सुचवलं तर दुसरं मत घ्या.

व्यायाम फिजिओने बघून द्यावेत पण साधारण दिशा अशी. सुरुवातीला फार दुखत असेल तर कोपर कमरेला ठेवून पंजा भिंतीवर बाहेरच्या दिशेने दाबून धरायचा, हालचाल नाही, फक्त जोर. मग रबराच्या बँडने हात बाहेर फिरवणं, कुशीवर झोपून हलक्या वजनाने तेच, बँड मागे ओढत दोन्ही पाती जवळ आणणं, भिंतीवर पुश-अप करताना शेवटी पाठ किंचित गोल करून पाती पुढे सरकवणं, आणि टॉवेलची गुंडाळी पाठीच्या वरच्या भागाखाली आडवी ठेवून त्यावर रेलणं. हे शेवटचं सगळ्यात जास्त टाळलं जातं, पण पाठ मोकळी झाल्याशिवाय पॅडल करताना मान आणि खांदा सुटत नाहीत. करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत बसलं तर चालेल, सकाळी जास्त दुखत असेल तर वजन कमी करा पण बंद करू नका. अंगाला तेल चोळून घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, बरं वाटतं, फक्त दुखऱ्या सांध्याला कोणाला पिळू देऊ नका.

गोळ्यांचं बोलायला हवं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन सारख्या गोळ्या आपण फार्मसीतून मागून शेंगदाण्यासारख्या खातो. बीपी, किडनी, अॅसिडिटी, हृदय यातलं काहीही असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. आणि पाण्यात जायच्या आधी गोळी कधीच नको, कारण दुखणं हीच तुमची मर्यादा सांगणारी एकमेव गोष्ट आणि ती तुम्ही बंद करून आत जाता. स्टेरॉइडचं इंजेक्शन कफ-बर्सात काही आठवडे आराम देतं, त्या आरामात व्यायाम करायचे म्हणून त्याचा उपयोग, फ्रोझन शोल्डरच्या सुरुवातीच्या दुखऱ्या काळात तर ते खरंच चांगलं काम करतं. पण परत परत घेतल्याने टेंडन कमजोर होतो, मधुमेहवाल्यांची साखर काही दिवस चढते, आणि इंजेक्शन घेऊन त्याच आठवड्यात बोर्ड उचलायचा नसतो.

टेंडन शिवायचं ठरलं तर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, मग हळूहळू हालचाल, मग ताकद, आणि पाण्यात परत जायला सहा महिने किंवा त्याहून जास्त धरून चाला. सर्जनला आधीच विचारून ठेवा की पॅडलिंग कधी आणि पॉप-अप, म्हणजे हातांवर अंग उचलून बोर्डवर उभं राहणं, कधी, कारण पॉप-अपला अंगाचा भार एकदम खांद्यावर येतो, ते जास्त उशिरा.

आपल्याला एक सोय निसर्गानेच दिलीय. जून ते सप्टेंबर दर्या खवळलेला, लाल बावटे लागलेले, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारीही बंद, म्हणजे पाण्यात जायचं नसतंच. बारा आठवड्यांचा व्यायाम जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू केला तर ऑगस्टच्या शेवटी संपतो आणि सीझन सुरू व्हायला अजून वेळ असतो. त्यासाठी निदान मे महिन्यातच करून घ्यायला हवं. सप्टेंबरच्या शेवटी जागे झालात तर सीझन हातचा गेला समजा.

परत पाण्यात जाताना

बोर्ड बदला. यात कमीपणा काही नाही. जास्त लिटरचा, लांब बोर्ड पाण्यावर वर तरंगतो, तीच लाट कमी हातांत मिळते, आणि आपल्या मऊ लाटांना तोच शोभतो. बोर्डवर फार मागे झोपू नका, बोर्डचं नाक वर राहिलं की प्रत्येक हाताला पाणी ढकलावं लागतं. हात पाण्यात घालताना अंगठा आधी खुपसायचा नाही, त्याने खांदा आत वळतो, बोटांची टोकं आधी घाला, हात डोक्यासमोर मध्यरेषेवर न आणता खांद्याच्या सरळ रेषेत ठेवा, कोपर थोडं वर, आणि छाती थोडी उचलून जोर पाठीतून लावा. सकाळी वारा नसताना जा. सुरुवातीला कमरेएवढ्या पाण्यात बोर्ड ढकलत चालत जाऊन फेसाळ लाटाच पकडा, फेसाच्या लाटेत मोठा बोर्ड घट्ट धरून ठेवल्याने हात खेचला जाणं हे नुकत्या बऱ्या झालेल्या खांद्याला सगळ्यात वाईट, म्हणून गर्दी नसलेली, शांत बाजू निवडा. एक दिवस पाणी, एक दिवस आराम. हात थकून पाण्यात घसरायला लागले की बाहेर या, अजून एक लाट म्हणून थांबू नका, थकलेल्या स्नायूंनी मारलेले हात सरळ टेंडनवर जातात.

बोर्ड डोक्यावर किंवा एका बगलेत धरून वाळूतून लांब चालत जाणंही खांद्याला लागतं, पट्टा लावा किंवा दोघं मिळून दोन बोर्ड दोन टोकांना धरून न्या.

आणि व्यायाम दोन्ही बाजूंनी करा, नुसत्या दुखऱ्या नाही. एका खांद्याचा कफ झिजला असेल तर दुसऱ्याचाही झिजलेला असण्याची शक्यता वयाबरोबर वाढत जाते, दुखायला लागलेला नसतो एवढंच, आणि पॅडल करताना दुखऱ्या हाताचं काम तो चांगला हात गुपचूप करत असतो. दर सहा महिन्यांनी आरशासमोरची ती वर सांगितलेली पाहणी दोन्ही खांद्यांची करा, दरवाजा उघडल्यासारखा पंजा किती बाहेर जातो ते मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मागच्या फोटोशी ताडून बघा. हालचाल कमी झालेली दिसली किंवा ताकदीत फरक वाटला तर दुखायची वाट न बघता फिजिओची वेळ घ्या.